खापरखवल्या

इंग्रजी वाङ्मयांतील सर्पांशीं माझी ओळख जुनी आहे. मिल्टनच्या महाकाव्यांत ईव्हच्या कानाशीं लागणारा तो आद्य सर्प, क्लिओपात्रानें अंजिरांच्या टोपलींतून मागविलेला विषारी सर्प, आणि हॅम्लेटच्या बापाच्या खुनाचें खापर ज्याच्या माथीं फोडलें गेलें तो बागेंतला निरपराधी सर्प, या सर्वांना मीं गेलीं तीस वर्षें दर वर्षीं वर्गांत पेटाऱ्यांतून काढून खेळविलें आहे. आपल्याकडील तक्षक, वासुकि, कालिया हे तर घरोब्यांतलेच. नागपंचमीस पाटावर गंधानें काढलेल्या नागांना मीं लहानपणीं दूध दाखविलें आहे. असा हा बहुश्रुत मनुष्य तीन वर्षांपूर्वीं आषाढांत महाबळेश्वरीं एका दीड वीत लांबीच्या प्राण्याला काठीनें मारता झाला. आणि त्या प्राण्याचें नांवही त्याला ठाऊक नव्हतें. ती हकीकत सांगावयाची आहे.

त्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांचा महाबळेश्वरचा बंगला चार दिवस रिकामा होता. हंगाम सोडून भर पावसांत महाबळेश्वरास जाणारा मनुष्य पुण्यांत वेडा ठरतो. जेथें वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो तेथें आषाढांत जाऊन करावयाचें काय, असा सर्वांचा प्रश्न. परंतु मला उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या, आमच्या मंडळींना चार दिवस पाहुण्यांपासून सुटका हवी होती, आणि सात वर्षांच्या नातीला धुकें डब्यांत भरून आणावयाचें होतें. तिघांचेही हेतु निर्मळ होते.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाऊस क्षणभर थांबला आणि व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर नातीला एक वस्तु दिसली. वस्तु म्हणण्याचें कारण असें कीं, ती प्रथम आम्हांस जिवंत वाटलीच नाहीं. करंगळीहून किंचित् जाड, जांभळट काळी, कडेनें पिंवळसर ठिपके, आणि त्या ओल्या उजेडांत तिच्या अंगावर मोरपिसासारखे रंग हालत होते. एक टोंक चाकूनें तिरपें छाटावें तसें बोथट, त्यावर चिखल थापलेला. दुसरें टोंक निमुळतें.

"आजोबा, ह्याचं तोंड कुठलं?" नातीनें विचारलें.

प्रश्न शास्त्रीय होता. त्याचें उत्तर मीं काठीनें दिलें.

जें टोंक जाड तें डोकें, एवढेंच तर्कशास्त्र त्या क्षणीं माझ्यापाशीं होतें. काठी बोथट टोंकावर बसली. पुनः एकदां बसली. मग जें झालें तें मला अद्याप दिसतें. ज्याला मी शेंपूट समजत होतों तें टोंक पुढें सरकूं लागलें. पायरीच्या फरशांच्या सांध्यांत थोडें शेवाळ होतें. त्यांत तें शिरूं पाहत होतें. शिरे, अडे, मागें येई, पुनः शिरे. फरशी कांहीं वाट देईना. त्या प्राण्यानें एकदांही तोंड उघडलें नाहीं, एकदांही तो माझ्याकडे वळला नाहीं. मी त्याच्या खिजगणतींतच नव्हतों. त्याला फक्त माती हवी होती. हें पांचसात मिनिटें चाललें असावें. नात पाहत होती. तिला आंत न्यावें हें आम्हां दोघांपैकीं कोणालाच सुचलें नाहीं.

बंगल्याचा राखणदार बागेंतून आला. त्यानें वांकून पाहिलें आणि म्हणाला, "सर, हा चावत नाय. गांडुळं खातो. पाऊस लई झाला का येतो वर बिचारा." आणि मग, माझ्या वयाचा व पेशाचा मान राखून, "तुम्हांला तरी काय माहीत असणार," असें त्यानें जोडलें. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाला आम्ही याच स्वरांत धीर देत असतों.

नातीनें तो प्राणी पुरण्याचा हट्ट धरला. राखणदारानें जास्वंदीखालीं हातभर माती उकरली व तो तींत ठेवला. "आतां तो खाली जाईल ना?" तिनें विचारलें. मी उत्तरपत्रिकांकडे गेलों.

वाचकहो, मी भित्रा नाहीं. उलट सर्पांविषयीं धीराचा एक धडा मला लहानपणीं प्रत्यक्ष पाहावयास मिळाला होता. १९८० सालीं आमच्या पुण्यांतच नीलिमकुमार खैरे हे तरुण गृहस्थ ७२ विषारी सर्पांसह ७२ तास कांचेच्या खोलींत राहिले. साप डिवचल्यावांचून दंश करीत नाहीं, एवढेंच त्यांना लोकांस दाखवावयाचें होतें. मी तेव्हां तेरा वर्षांचा. वडिलांबरोबर पाहावयास गेलों होतों. माणसाच्या मांडीवरून नाग जातो आहे आणि माणूस स्वस्थ बसला आहे, हें दृश्य पाहून मी घरीं आलों व आजीला सर्व साग्रसंगीत सांगितलें. आजी रत्नागिरीकडची. तिनें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "तें सगळें ठीक. पण काठी आपली दारामागं असावी." तिचाही दोष नव्हता. तिच्या मुलखांत फुरसें हा पावसाळ्यांतला रोजचा शेजारी, आणि एकोणिसाव्या शतकांत तेथें फुरशीं मारण्यास सरकार इनाम देत असे. १८६२ सालीं त्या एका जिल्ह्यांत आठदहा दिवसांच्या आंत लाखाहून अधिक फुरशीं मारून लोकांनीं इनामें नेलीं. अशा गांवची शिकवण सहजासहजीं पुसली जात नाहीं. बहात्तर तासांचा तो धडा माझ्या मनांत राहिला, आणि आजीचें वाक्य माझ्या हातांत.

पुण्यास परत आल्यावर नात मला टाळूं लागली असें नव्हे; लहान मुलांस तसें टाळतां येत नाहीं. परंतु तिनें माझ्या काठीला हात लावणें सोडलें. पूर्वीं ती तिचा घोडा करून घरभर दौडत असे. मी मुद्दाम काठी तिच्या खेळण्यांजवळ विसरून पाहिली. ती परत कोपऱ्यांत उभी केलेली असे. आणि दर दोन दिवसांनीं एकच प्रश्न: "आजोबा, त्याचं नांव काय होतं?" ज्याला मारलें त्याचें नांव निदान मारणाऱ्याला ठाऊक असावें, असें तिचें म्हणणें असावें. तिनें तसें बोलून दाखविलें नाहीं. मीच तसें ऐकलें.

नांव शोधण्यास मला पंधरा दिवस लागले, कारण ज्या कपाटांतून मी आयुष्यभर पुस्तकें काढलीं त्यांत तें नव्हतें. मराठींत त्याला खापरखवल्या म्हणतात. नांव वाचतांच तो बोथट, चिखल थापलेला शेवट डोळ्यांपुढें उभा राहिला. शेंपटीच्या टोंकावरचे खवले जाड व खरबरीत होऊन खापराच्या तुकड्यासारखी एक चकती झालेली असते. यूरोपीय पंडितांनींही तेंच पाहिलें व ग्रीक भाषेंतले शेंपूट आणि ढाल हे दोन शब्द जोडून 'यूरोपेल्टिस' असें नांव दिलें. त्यांना ढाल दिसली, आपल्या लोकांना खापर दिसलें. मला आपलें नांव अधिक आवडतें. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडण्याची आपली सर्वांची रीत; या गरीब प्राण्यानें तें जन्मतःच आपल्या शेंपटीवर घेतलें आहे.

पुढें मी वाचीत गेलों तसतसा माझा गुन्हा तपशीलवार होत गेला. हा प्राणी बिनविषारी, सारा जन्म ओल्या भुसभुशीत मातींत काढणारा, खाद्य गांडूळ. डोळे अगदीं बारीक, डोकें टोकदार व कवटी घट्ट, कारण नांगराचा फाळ आणि डोकें हीं दोन्ही कामें तिलाच करावीं लागतात. मादी अंडीं घालीत नाहीं, पिलांनाच जन्म देते. मीं मारलेल्याच्या पोटांत पिलें होतीं कीं नव्हतीं हें मीं पाहिलें नाहीं, आणि आतां पाहतां येणार नाहीं.

शेंपटीवरील ढालीचा उपयोग दुहेरी असल्याचें अभ्यासक सांगतात. प्राणी बिळांत पुढें जात असतां ढालीवर माती चिकटते व मागचें बीळ बुचासारखें बंद होतें. आणि उघड्यावर सांपडल्यास शत्रू त्या जाड टोंकालाच डोकें समजून त्यावर हल्ला करतो. तेवढ्यांत खरें डोकें मातींत शिरण्याची वाट शोधतें. म्हणजे त्या सकाळीं महाबळेश्वरास सर्व कांहीं ठरल्याप्रमाणें घडलें होतें. त्यानें ढाल पुढें केली, मी फसलों, त्याचें डोकें माती शोधीत निघालें. फक्त ती ढाल पक्ष्याच्या चोंचीसाठीं घडविलेली होती, लोखंडी टोंकाच्या काठीसाठीं नव्हे. आणि पायरी मातीची नव्हती.

ती पांचसात मिनिटें तो कशाच्या बळावर झगडत होता तेंही मला सांपडलें. कार्ल गॅन्झ या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं या सर्पांच्या स्नायूंविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं या प्राण्याला मालगाडीची उपमा दिली आहे. शरीराच्या पुढच्या भागांतले स्नायु तांबडे, प्राणवायु साठवून ठेवणारे, न थकतां काम करणारे, तें इंजिन. मागचें सारें अंग म्हणजे ओढून न्यावयाचे डबे. पुढच्या भागांतला पाठीचा कणा कातड्याच्या आंतल्या आंत नागमोडी वांकतो, त्यामुळें अंग फुगून बिळाच्या भिंतींत घट्ट रुतून बसतें. त्या आधारावर डोकें पुढें रेटलें जातें, आणि मग मागचे डबे ओढले जातात. मीं फोडला होता तो शेवटचा डबा. इंजिन चालूंच होतें. हें वाचलें त्या रात्रीं मीं पुस्तक मिटून ठेवलें आणि चार दिवस तें उघडलें नाहीं.

उघडलें तें नातीच्याच दुसऱ्या एका प्रश्नामुळें: "त्याचे नातेवाईक कुठं राहतात?" तिच्या मनांत बहुधा पत्र लिहावयाचें असावें. उत्तर शोधतां शोधतां मी थेट लंकेस जाऊन पोंचलों. या कुळांत साठांच्या आसपास जाति आहेत आणि त्या सर्व भारताच्या द्वीपकल्पांत व श्रीलंकेंत आहेत. जगांत अन्यत्र कोठेंही नाहींत. लंकेच्या डोंगरांत पंधरांवर जाति, आणि त्यांतल्या एकीची कथा प्रहसनांत शोभण्यासारखी आहे. क्युव्हिए या थोर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८२९ सालीं तिचें नामकरण केलें. नमुना फिलिपाइन बेटांतला अशी समजूत होती, म्हणून नांव पडलें 'फिलिपिनस'. वस्तुतः तो प्राणी श्रीलंकेचा, आणि श्रीलंकेवांचून दुसरीकडे कोठेंही नसलेला! चूक उघडकीस आली, परंतु प्राणिशास्त्राच्या कायद्यांत पहिलें नांव तें पहिलें. पत्ता चुकला एवढ्यावरून तें रद्द होत नाहीं. त्यामुळें जो प्राणी बागेच्या एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जातो तीच त्याची काशीयात्रा, त्याच्या नांवांत एक परका समुद्र कायमचा येऊन बसला आहे. मी पोटभर हंसलों. मग हंसूं आपोआप थांबलें. क्युव्हिएनें बेट चुकविलें. मीं डोकें आणि शेंपूट. त्याच्या चुकीनें निदान कोणी मेलें नव्हतें, कारण नमुना त्याच्यापुढें आला तोच मेलेला.

लंकेंत व इकडे हीं भावंडें विभागलीं कशीं, हें कोडें मात्र खरोखर मनोवेधक आहे. रामेश्वर आणि मन्नार यांमधला समुद्र अतिशय उथळ. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरांहून अधिक उतरली असतां तेथें कोरडी जमीन होती, आणि सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींपर्यंत ही वाट मधून मधून उघडी असे. वानरसेनेस सेतु बांधावा लागला. या मंडळींस तो आयता मिळाला होता. तेव्हां दोन्हीकडे खुशाल येजा झाली असेल असें कोणीही म्हणेल. परंतु २००४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आलेल्या एका संशोधनानें वेगळेंच दाखविलें. बेडूक, खेकडे, मासे आणि हे खापरखवल्याच्या कुळांतले सर्प, यांचीं लंकेंतलीं घराणीं बव्हंशीं लंकेंतच वाढलेलीं, मुख्य भूमीपासून दीर्घ काळ अलग राहिलेलीं आहेत. पूल होता, पण तो ओलांडणारे फार थोडे.

मला यांत नवल वाटलें नाहीं, कारण मीं महाबळेश्वर पाहिलें आहे. ज्याला सदैव ओली, काळी, पानें कुजलेली माती लागते त्याच्या दृष्टीनें कोरडें माळरान आणि समुद्र यांत फरक तो काय? आषाढांत महाबळेश्वरीं ढगांत हात बुडवावा आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावें तों छत्री मिटून काखेंत मारावी. तेवढ्या अंतरांत त्या प्राण्याचें जग संपतें. आपण ज्याला डोंगरमाथा म्हणतों तें त्याचें बेट आहे. खालचें पठार हा त्याचा सागर. महाबळेश्वराच्या खापरखवल्याचें निराळेपण ओळखून १९५५ सालीं त्याला उपजाति म्हणून महाबळेश्वराचेंच नांव देण्यांत आलें. या वेळीं मात्र पत्ता बरोबर लिहिला गेला.

सह्याद्रींतल्या याच्या एका सख्ख्या भावाला १८८८ पासून फिप्सन यांचें नांव आहे. हे फिप्सन मुंबईचे मद्याचे व्यापारी. १८८३ सालीं मुंबईंत आठ गृहस्थांनीं निसर्गेतिहासाची जी संस्था काढली तिला आपल्या पेढींत जागा देऊन त्यांनीं वाढविलें. त्या आठांत आपले दोघे होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ही गोष्ट मला वयाच्या छप्पनाव्या वर्षीं कळावी! आमच्या पिढीनें इंग्रजांपासून त्यांचे कवि घेतले; त्या दोघां डॉक्टरांनीं त्यांच्या शेजारीं बसून आपल्या मुलखांतले किडेमुंग्या व पाखरें मोजावयास घेतलीं. कोणाचें शिक्षण अधिक इंग्रजी, हें ठरविणें कठीण आहे.

हें सर्व मी नातीला थोडथोडें सांगत गेलों. तिला मालगाडी आवडली, फिलिपाइनची गोष्ट फारच आवडली, हिमयुगांत तिला झोंप लागली. एका रविवारीं तिला घेऊन कात्रजच्या सर्पोद्यानांत गेलों. १९८६ सालीं तें उभें राहिलें तेंही त्या कांचेच्या खोलींतल्या खैऱ्यांच्याच खटपटीनें. नाग, घोणस, मण्यार, फुरसें यांपुढें ही गर्दी. नातीला पाहावयाचा होता खापरखवल्या. पण जो सारा जन्म मातीखालीं काढतो त्याला कांचेआड ठेवला तरी प्रेक्षकांस दिसावयाचें काय? माती. हें तिला पटलें. परत येतांना बसमध्यें ती म्हणाली कीं, बागेंतल्या सर्वच मातीकडे आतां जपून पाहिलें पाहिजे. मांडुळाच्या पिंजऱ्यापाशीं मात्र एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते कीं, हा दुतोंड्या, सहा महिने या तोंडानें चालतो आणि सहा महिने त्या, आणि याच्या योगानें गुप्तधन सांपडतें. या एका खुळ्या समजुतीपायीं मांडुळें चोरून विकलीं जातात, आणि जाड शेंपटीचा म्हणून खापरखवल्याही कोठें कोठें दुतोंड्यांत गणला जातो. मला त्या गृहस्थांस दोन शब्द सांगावेसे वाटले. मग मला माझें स्वतःचें तर्कशास्त्र आठवलें आणि मी पुढें झालों.

गेल्या आषाढांत आम्ही पुनः त्याच बंगल्यांत गेलों. नात आतां दहा वर्षांची आहे. पहिले दोन दिवस नुसता पाऊस. वाटेवर मोटारींखालीं चिरडलेले दोन जांभळट पट्टे दिसले होते. ते तिनें पाहिले, मीं पाहिले, कोणी बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं राखणदार भिंतीकडेचा कुजक्या पाल्याचा ढीग हालवीत होता. त्यानें हाक मारली, "ताई, लवकर या, तुमचा पाव्हणा आलाय."

ती अनवाणी धांवली. मी मागून गेलों. त्यानें ओल्या मातीसकट तो प्राणी तिच्या ओंजळींत ठेवला. चावण्याची, पळण्याची कसलीही घाई नाहीं. फक्त तें टोकदार डोकें तिच्या दोन बोटांमधली फट शोधूं लागलें आणि सांपडतांच तींत रेटूं लागलें. "अग्गबाई, केवढा जोर आहे ह्याला! आजोबा, बोटं उघडतोय माझी!" ती म्हणाली. मला तें इंजिन एकदां पाहावयाचें होतें. मी दोन पावलें पुढें झालों.

"आजोबा, तुम्ही तिथंच थांबा हं," ती वर न पाहतां म्हणाली.

मी थांबलों. तिनें गुडघे टेकले आणि ओंजळ मोकळ्या मातीवर हळूच उलटी केली. डोकें दिसेनासें झालें. मग बोगद्यांत गाडी शिरावी तसें एकामागून एक सारें अंग आंत गेलें. सर्वांत शेवटीं तें खापर तेवढें वर राहिलें, चिखल थापलेलें, आजूबाजूच्या मातीच्या पातळीला अगदीं लागून. थोड्या वेळानें तेथें माती होती.

काठी मीं त्या दिवशीं पुण्यासच ठेवून आलों होतों. तिला तें सांगावयाचें राहून गेलें.